चौकातली फणी

२००९च्या मार्च महिन्यात डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर मी एका लग्नघरी गेले होते. ओळखीच्या एका शिक्षिकेमुळे आत जाता आले. घराच्या आतल्या, उजेड कमी असलेल्या भिंतीवर गेरूच्या लेपावर तांदळाच्या पिठाने चौक लिहून झाला होता. तिकडे चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. बाहेरून साखळ्यांच्या आणि त्रिकोणांच्या पट्ट्या, मधल्या मोकळ्या जागेत पालघट देवी, बाजूला छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. आणि देवीजवळ सूर्य, चंद्र, शिडी आणि एक फणी.

सूर्य-चंद्र मला अपेक्षित होते. शिडीबद्दलही मी काही वाचून गेले होते. फणीपाशी मात्र थांबले. चौक लिहिणाऱ्या सवासिनींपैकी एक वयस्क बाई हाताला लागलेले पीठ पुसत शेजारी उभी होती. मी विचारले, "ही काय आहे?"

"फणी."

"फणी कशासाठी?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "लग्न आहे. फणी नको?"

माझ्या वहीत त्या दिवसापर्यंत 'प्रतीक' या शब्दाखाली तीन पाने भरली होती. फणी म्हणजे पर्जन्यधारा, फणी म्हणजे नांगराचे दात, फणी म्हणजे शेतातल्या सऱ्या, असे बरेच काही मी इथूनतिथून जमवले होते. त्यातले काही खरे असेलही. पण त्या बाईचे उत्तर ऐकल्यावर ती पाने मला पुन्हा वाचवली नाहीत. हा लेख त्या उत्तराच्या मागे लागून झालेल्या शोधाचा आहे. मी कोणत्याही विद्यापीठात कला किंवा इतिहास शिकलेले नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची. त्यामुळे वस्तूंची यादी तपासणे तेवढे मला चांगले जमते.

फणी मी पहिल्यांदा देवीच्या शेजारी पाहिली ती मात्र डहाणूत नव्हे. ती वाईला, आमच्या घरासमोरच्या शेणाने सारवलेल्या अंगणात पाहिली. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर माहेरी राहते. त्या महिन्यात अंगणात जी रांगोळी काढतात ते चैत्रांगण. वर आंब्याच्या पानांचे तोरण, मध्ये झोपाळ्यातली गौर, आणि भोवती सारे जग: सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, मोर. याच गर्दीत, कोणताही वेगळा मान न मागता, फणी, आरसा, हळदीकुंकवाचा करंडा, पंखा, पाळणा, समई. विष्णूची गदा जेवढी, तेवढीच फणी. आकार तोच, रेघ तीच, जागा मात्र गौरीच्या अधिक जवळची. कारण महिनाभर माहेरी आलेल्या मुलीला गदेपेक्षा फणी जास्त लागते.

चैत्रांगणात एकावन्न चिन्हे असतात असे सांगतात आणि त्या आकड्याला मातृकांचा, शक्तिपीठांचा संदर्भ जोडतात. मी निरनिराळ्या गावांत मोजली आहेत. एकतीस, अडतीस, सत्तेचाळीस, एकदा छप्पन्न. बरोबर एकावन्न मला छापील पुस्तकांतच भेटली. आमच्या आईच्या वहीत त्रेचाळीस आहेत. त्या वहीकडे पुढे यायचे आहे.

इतिहास लिहिणाऱ्याची खरी पंचाईत इथे सुरू होते. चैत्रांगण दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून टाकले जाते. वारली चौक भिंतीवर थोडा अधिक टिकतो, पण धुराने काळवंडतो, पोपडे धरतो आणि पुढच्या लग्नाआधी त्यावर नवा लेप चढतो. म्हणजे जी कला घराघरात शतकानुशतके चालली असावी, तिचा एकही जुना नमुना दप्तरात नाही, संग्रहालयात नाही. देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेले शिलालेख वाचता येतात. झाडलेल्या अंगणातून काय वाचणार? सामग्रीसुद्धा टिकणारी नव्हे. देशावर शिरगोळ्याची पूड, कोकणात भाताची तुसे जाळून केलेली पांढरी भुकटी, डहाणूकडे तांदळाचे पीठ. मुंग्यांनी नेले नाही तर वाऱ्याने नेले.

तेव्हा आडवाटेने जावे लागते.

पहिली वाट शब्दांची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात चित्रांचे प्रकार सांगताना 'धूलिचित्र' असा एक प्रकार येतो. दरबारी ग्रंथकाराने भुकटीच्या चित्राला चित्राच्या वर्गात बसवले, एवढे त्यावरून नक्की समजते. जुन्या मराठीत रंगमाळा, रंगमाळिका हे शब्द रांगोळीसाठी आढळतात. मात्र त्या धूलिचित्रांत फणी होती की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांचे लक्ष हत्ती-घोड्यांकडे होते.

दुसरी वाट वस्तूंची, आणि ती मला अधिक लाभली. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात भारतीय घडणीची मूर्ती! अलंकारांनी लगडलेली एक स्त्री, आणि तिच्या दोन बाजूंना दोन छोट्या दासी. त्या दासींच्या हातांत प्रसाधनाची भांडी आहेत. आपल्या शब्दांत सांगायचे तर करंडे. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे कोणी यक्षी म्हटले. तिच्या डोक्यातून खाली भोक पाडलेले आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ असावी असे काहींचे मत, तर एखाद्या आसनाचा पाय असावा असे इतरांचे. आणि तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या त्या आपल्याकडे, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदन येथे. तेरची मूर्ती गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे.

मी तेरला गेले तेव्हा दुपार होती आणि त्या दालनात मी एकटीच होते. मूर्ती हाताच्या पंजात मावेल एवढी. तिच्यासमोर उभे असताना वाटले, की ही देवी की यक्षी की केवळ नटणारी बाई, हा वाद आपला आहे. मूर्ती घडवणाऱ्याचा तो नसावा. ज्या वस्तूत स्त्री रोज स्वतःचे तोंड पाहते त्या वस्तूला त्याने स्त्रीचेच रूप दिले, आणि ते रूप देवीपासून वेगळे करता येऊ नये इतके भरजरी दिले. दोन हजार वर्षांपूर्वी तेर हे मोठे व्यापारी केंद्र होते, ग्रीक लेखनात त्याचा 'तगर' म्हणून उल्लेख येतो. बाजारात विकायला ठेवलेल्या वस्तूतही हे घडत होते, हे महत्त्वाचे. देऊळ त्यासाठी लागले नाही.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजस्त्री आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात ही चित्रे झाली. सभोवती दासी, एकीच्या हातात प्रसाधनाचे तबक. बुद्धाच्या कथा सांगणाऱ्या भिंतीवर ती काय करते आहे, असा प्रश्न मला शाळेच्या सहलीत पडला होता आणि शिक्षकांनी तो टाळला होता. विरक्तीचा उपदेश करणाऱ्या भिक्षूंच्या निवासात आरसा इतक्या मायेने रंगवला जातो, यात मला आता विसंगती वाटत नाही. चित्रकाराने त्या बाईला मोहाचा नमुना म्हणून रंगवलेले नाही. तिची मान ज्या कोनात कलली आहे, तो कोन पाहावा. स्वतःकडे इतक्या शांतपणे पाहणारा चेहरा त्या लेण्यात बुद्धाशिवाय फार थोड्यांचा आहे. हे माझे मत. तज्ज्ञांना ते मान्य होईलच असे नाही.

तर तेर आणि अजिंठा यांवरून एवढे म्हणता येते, की आरसा, करंडा आणि प्रसाधन यांची चित्रे व शिल्पे या भूमीवर फार जुनी आहेत, आणि ती पवित्राच्या हद्दीत निःसंकोच वावरत होती. चैत्रांगणातली फणी तिथूनच सलग चालत आली असे मी म्हणणार नाही. मधल्या चौदाशे-पंधराशे वर्षांचा पुरावा झाडला गेला आहे.

या विषयात रा. चिं. ढेरे यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचे 'लज्जागौरी' १९७८ मध्ये आले. घट, कुंभ, वारूळ, भूमी या साध्या दिसणाऱ्या गोष्टींमागे मातृदेवतेची केवढी मोठी परंपरा उभी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या अनेकांना त्यांच्यामुळे धीर आला. पण त्यांच्या मागून आलेल्या आम्हा हौशी मंडळींना एक खोड लागली. दिसेल त्या वस्तूच्या मागे काहीतरी शोधायचे. सूप म्हणजे अमुक, जाते म्हणजे तमुक. ढेरे स्वतः पुराव्याशिवाय पाऊल टाकत नसत. आम्ही उड्या मारल्या. माझी ती तीन पाने अशाच उड्यांची होती.

घरातली वस्तू देवपणाला पोचायला नेहमीच कशाचे तरी प्रतीक व्हावे लागते का? महाराष्ट्रातली घरे याचे उत्तर रोज देत आली आहेत. गणपतीची मूर्ती नसली तर सुपारी मांडतात, आणि पूजा संपली की ती पुन्हा सुपारी होते. मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण ती रात्री येऊन बाळाच्या कपाळीचे लिहिणार. बारशाला तोच वरवंटा बाळाच्या आधी पाळण्यातून या बाजूने त्या बाजूला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यावर चटणी वाटली जाते. त्यात कोणाला पाप वाटत नाही. वस्तूचे देवपण येते, काम करते आणि निघून जाते. कायमचे देव्हाऱ्यात बसणारे देवपण हा त्यातला एक प्रकार झाला, आणि मला वाटते, बायकांच्या हातचा तो प्रकार नव्हे.

चित्रात मात्र थोडे निराळे होते. चित्रातली फणी केसांतून फिरवता येत नाही. ती उपयोगातून सुटते. पण वारली चौकात आणि चैत्रांगणात ती उपयोगातून सुटली तरी उपयोगाच्या जागेवरच राहते: नवरीजवळ, गौरीजवळ, आरशाशेजारी. डहाणूच्या त्या बाईने मला हेच सांगितले होते.

इथे विसाव्या शतकातला एक धागा जोडून देतो तो मुंबईच्या विणकर सेवा केंद्राशी. हातमागाला नवे नक्षीकाम मिळावे म्हणून १९५०च्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ही केंद्रे सुरू झाली. चित्रकारांना तिथे नोकऱ्या मिळाल्या. त्यांतले एक भास्कर कुलकर्णी. १९६६-६७च्या बिहारमधल्या दुष्काळात जयकरांनी त्यांना मिथिलेला पाठवले. भिंतीवर चित्रे लिहिणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिले. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूकडे आले, आणि वारली पाड्यांवरच्या चौकांकडे शहराचे लक्ष गेले. गंजाडचे जिव्या सोमा मशे तेव्हा तिशी ओलांडलेले होते. त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

या घटनेने एक गोष्ट बदलली, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. चौक सवासिनी लिहीत. कागद आला, पैसा आला, आणि चित्र पुरुषांच्या हातात गेले. मशे यांच्या प्रतिभेबद्दल वाद नाही. मासे पकडण्याचे जाळे त्यांनी ज्या बारीक रेघांनी संपूर्ण कागदभर पसरले आहे, ते पाहताना जाळे हाच देव वाटावा. पण कागदावर पालघट देवी हळूहळू मागे सरली आणि तारपा नाच पुढे आला. मागाहून आगगाडी आली, सायकल आली. आता गावोगावच्या हॉटेलांच्या भिंतींवर, साड्यांच्या पदरांवर नाचणारी ती मंडळी सर्वत्र दिसतात. त्या सगळ्यांत फणी मला एकदाही दिसलेली नाही. ती लग्नाशिवाय येत नाही, आणि ग्राहकाला ती नकोही आहे.

त्याच विणकर सेवा केंद्रात १९६१ पासून प्रभाकर बरवे नोकरीला होते. अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६चा, जे. जे. स्कूलमधून १९५९ मध्ये पदविका घेतलेले. केंद्राच्या कामासाठी ते काही वर्षे बनारसला राहिले आणि तिथे तांत्रिक आकृत्यांशी त्यांचा परिचय झाला. साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत त्या आकृत्या उघड दिसतात. पण मला ज्यांचे कुतूहल आहे ती चित्रे नंतरची. तांत्रिक चिन्हे गळून पडली आणि कॅनव्हासवर उरले ते घड्याळ, पान, शिंपला, फळ, किल्ली. सपाट, करड्या, निवांत रंगात एकेकटी तरंगणारी. कधी वस्तू एकीकडे आणि तिची सावली दुसरीकडे.

२०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' या नावाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते. वाईहून पहाटेच्या एसटीने जाऊन मी ते पाहिले. त्यांच्या टिपणवह्याही मांडल्या होत्या. चित्रे एनॅमल रंगात आहेत हे जवळून पाहिल्यावर जाणवते. एनॅमल, म्हणजे ज्याने आपण ट्रंका आणि खिडक्यांचे गज रंगवतो तो रंग. वस्तूंचे चित्र वस्तूंच्याच रंगाने. १९९०च्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात बरव्यांनी आकार, वस्तू आणि अवकाश यांच्या नात्याविषयी मराठीत लिहिले. चित्रकाराने चित्राबद्दल इतके स्वच्छ मराठी गद्य लिहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी चित्रांच्या आधी वाचू नये, नंतर वाचावे.

बरव्यांच्या वस्तूही शांत करतात. पण ती शांतता वस्तू एकटी पडल्याची आहे. किल्लीला कुलूप नाही, घड्याळाला भिंत नाही, घर नाही. संसारातून वस्तू बाजूला काढली, की तिच्यातून काहीतरी उजळते, असा तो मार्ग आहे. संन्याशाचा म्हणता येईल. चैत्रांगणाचा मार्ग उलटा. तिथे त्रेचाळीस वस्तू खांद्याला खांदा लावून बसलेल्या असतात आणि कोणालाही एकटे सोडलेले नसते. तारांकित समीक्षेत पहिल्या मार्गाला कला म्हणतात आणि दुसऱ्याला लोककला. एकाच केंद्रात, एकाच दशकात भास्कर कुलकर्णी आणि बरवे दोघेही पगार घेत होते, ही गोष्ट मला म्हणूनच आवडते.

इथवर मी फणीची बाजू घेत आले. आता तिची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब जुळणार नाही.

फणी, आरसा, करंडा ही सौभाग्याची लेणी. ज्या घरात नवरा गेला, तिथे त्या बाईच्या हातून या तिन्ही वस्तू गेल्या. ब्राह्मण आणि काही इतर जातींत तर केसही गेले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. फणीच्या इतिहासात मी ही सभा फार वरच्या जागी ठेवते. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी केशवपन सोडून पुन्हा केस वाढवले, आणि त्यासाठी काय काय ऐकावे लागले ते 'माझी कहाणी'त सांगितले आहे.

आमच्या घरात पणजीला लाल आलवण होते. आजीच्या वेळेपर्यंत केस राहिले, पण कुंकू गेले, हळदीकुंकू गेले. १९५१ पासून चैत्रांगण तिने काढले नाही. पण सगळ्या गल्लीत तिच्याइतके नेमके ते कोणाला येत नव्हते. त्यामुळे ती उंबरठ्याच्या आत पाट घेऊन बसे आणि आईला सांगत असे. "कासवाचं तोंड गौरीकडे. आरसा फणीच्या डावीकडे, उजवीकडे नको, उजवीकडे करंडा." आई अंगणात वाकून काढायची, आजी आतून बघायची. मी सहा-सात वर्षांची असताना आजीला विचारले होते, "तू का नाही येत?" ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात." गुडघे दुखत नव्हते. दुपारी ती विहिरीवरून पाणी आणत होती.

आईने हे सारे एका दोनशेपानी वहीत उतरवून घेतले होते. शाईच्या पेनने, ठिपके नाहीत, सरळ हातावरची रेघ. प्रत्येक चिन्हाखाली आजीचे शब्द. चव्वेचाळिसावे म्हणून एक चिन्ह मागाहून वेगळ्या शाईत आहे, आणि ते कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. शिवणयंत्र. १९७४ साली वडिलांची गिरणी संपात होती आणि आईने ब्लाउज शिवून घर चालवले होते. त्या चैत्रात तिने आजीला विचारले, मशीन काढू का गौरीपुढे? आजीचे उत्तर वहीत आहे: "काढ. तिनंच पोट भरलंय." आकार इतका नेमका आहे, की चाक, पायटा, रिळाची दांडी ओळखू येते.

यादी बंद नव्हती, याचा माझ्याकडे असलेला हा सर्वांत पक्का पुरावा आहे. गदा, पद्म परंपरेने आले. मशीन कमाईने आले. फणीही केव्हातरी अशीच आली असेल, कुणा बाईने विचारले असेल आणि कुणा म्हातारीने 'काढ' म्हटले असेल.

वडील १९८७ च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर वहीत नोंद नाही. पुढच्या चैत्रात मी अंगणात रांगोळी घेऊन बसले. आई पाट घेऊन उंबरठ्याच्या आत बसली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव वाचला तेव्हा आई जाऊन सहा वर्षे झाली होती.

ती असताना, २०१३ मध्ये, मी तिला एक विनंती केली होती. अंगणात नको, कोणी बघणार नाही, माझ्या अभ्यासासाठी म्हणून कागदावर काढून दे. मी मोठा ड्रॉइंग पेपर आणि पेन आणून दिले. तिने आधी टाळले. मग एका दुपारी मी कामावरून आले तर जेवणाच्या टेबलावर कागद पडला होता. तोरण, झोपाळा, गौर, सूर्य, चंद्र. कासवाचे तोंड गौरीकडे. हात पंचाहत्तरीत पोचलेला, तरी रेघ कुठे हलली नव्हती. मी मोजायला लागले, सवयीने. एकेचाळीस. पुन्हा मोजले.

आरशाच्या उजवीकडे मोकळी जागा होती. तिथे फणी नव्हती, आणि फणीपलीकडचा करंडाही नव्हता. पण जागा सोडलेली होती, अगदी मापात, जशी दोन माणसे यायची आहेत म्हणून पंगतीत दोन पाट रिकामे ठेवावेत तशी. मी विचारले, तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती दोन तू काढ."

वारली बाईचे उत्तर मला त्या क्षणी आठवले. तिच्या दृष्टीने फणी फक्त फणी होती, नवरीला लागते म्हणून. आईच्या दृष्टीनेही फणी फक्त फणी होती. म्हणूनच तिला ती काढता आली नाही. कशाचे तरी प्रतीक असती तर सहज काढली असती. गदा काढली की.

तो कागद मी घडी न घालता नळकांड्यात ठेवला आहे. गेल्या वर्षी एका प्रदर्शनासाठी तो मागितला गेला. मांडणाऱ्यांचे म्हणणे होते की चैत्रांगण अपुरे दिसते, रिकाम्या जागा भरून द्याव्यात. मी दिला नाही. मी त्या जागा भरलेल्या नाहीत आणि भरणार की नाही ते ठरलेलेही नाही. दर चैत्रात अंगणात मात्र मी सगळी काढते. आता अंगण म्हणजे इमारतीच्या जिन्यापुढची फरशी, तिथे शेण नाही, रांगोळी घसरते. मागच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांचे यजमान करोनात गेले, येऊन उभ्या राहिल्या. मी फणीवर आले होते. रांगोळीची वाटी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी फणी काढली. दात जरा वाकडे आले. मग त्यांनी विचारले, "आणि हे खाली काय आहे?"

"मशीन," मी म्हटले. "सुईत दोरा ओवायचा राहिलाय, तेवढा घाला."